अलेफगार्डची मोजणी: जुन्या ड्रॅगन क्वेस्टचे जग आलेख कागदावर कसे उतरवावे

ड्रॅगन क्वेस्ट या जुन्या व्हिडिओ गेममध्ये टँटेगेलच्या, म्हणजे आपल्या राजाच्या, किल्ल्यातून नायकाने पहिल्यांदा बाहेर पाऊल टाकले की पडद्याच्या उजव्या खालच्या भागात, पाण्यापलीकडे, शत्रूचा चारलॉक किल्ला दिसतो. चौकोन मोजून पाहिले तर तो पाच चौकोन पूर्वेला आणि पाच चौकोन दक्षिणेला आहे, म्हणजे अवघ्या दहा पावलांवर. मात्र मध्ये पाणी आहे आणि या खेळात होडी नाही, त्यामुळे तिथे पायी पोहोचण्यासाठी जवळजवळ सगळे जग पालथे घालावे लागते. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर उभे राहिल्यावर पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर वाटतो, पण नाव नसेल तर पुलापर्यंत वळसा घालण्यावाचून गत्यंतर नसते. या खेळाचे सगळे जग, म्हणजे अलेफगार्ड, अशाच वळशांवर उभे आहे. ते नेमके केवढे आहे आणि त्याची मांडणी कशी केली आहे, हे स्वतः मोजून, कागदावर उतरवून कसे समजून घ्यावे, ते या लेखात क्रमाने सांगतो.

ड्रॅगन क्वेस्ट हा खेळ एनिक्स कंपनीने २७ मे १९८६ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम या ८-बिट यंत्रासाठी प्रसिद्ध केला. त्याची कल्पना आणि रचना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे. १९८९ साली तो इंग्रजीत ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने अमेरिकेत आला. आपल्याकडे जळगाव-भुसावळच्या दुकानांत नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या ज्या पिवळ्या कॅसेटी मिळत, त्यांत हा खेळ मला कधी दिसला नाही. कित्येक वर्षांनी भाच्याने जुने यंत्र आणि इंग्रजी कार्ट्रिज मिळवले, तेव्हा आम्ही दोघांनी तो पहिल्यांदा खेळला. माझ्या वडिलांचे आयुष्य जमीन मोजणीत गेले, त्यामुळे घरात टिपण, फाळणी, हद्दीची खूण हे शब्द रोजचे होते. कदाचित म्हणूनच राक्षस मारण्याआधी आम्ही जमीन मोजायला घेतली.

आधी आवृत्ती पक्की करा

या लेखातील सर्व आकडे मूळ ८-बिट आवृत्तीचे आहेत. पुढे वेगवेगळ्या यंत्रांसाठी हाच खेळ नव्याने काढला गेला आणि त्यांत नकाशाही नव्याने रेखाटला गेला. गावांची दिशा आणि क्रम साधारण तोच राहिला, तरी चौकोनांची मोजणी जुळेलच असे नाही. तुमच्याकडे नवी आवृत्ती असेल तर पद्धत हीच वापरा, आकडे मात्र स्वतःचे घ्या. आणखी एक सावधगिरी म्हणजे १९८७ च्या दुसऱ्या भागातही अलेफगार्ड येते, पण तिथे ते मोठ्या जगाच्या एका भागात अगदी लहान करून बसवलेले आहे. दोन्ही भागांचे कागद एकमेकांना जोडण्याचा प्रयत्न करू नका.

आकार: १२० गुणिले १२०

अलेफगार्डचा बाहेरचा नकाशा १२० चौकोन रुंद आणि १२० चौकोन उंच आहे, म्हणजे एकूण १४,४०० चौकोन. नायकाचे एक पाऊल म्हणजे एक चौकोन. अर्धे पाऊल पडत नाही आणि तिरके चालता येत नाही. नकाशाच्या चारही बाजूंना समुद्र आहे, आणि एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला उगवण्याची सोय या पहिल्या भागात नाही.

१४,४०० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, म्हणून मी तो आपल्या मापात बसवून पाहिला. मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची असते, आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. प्रत्येक चौकोन एक गुंठ्याचा धरला, तर सगळे अलेफगार्ड ३६० एकर भरते आणि त्याची एक बाजू जेमतेम सव्वा किलोमीटर होते. खान्देशातल्या कित्येक गावांचे शिवार याहून मोठे आहे. एवढ्या जागेत सहा वस्त्या, दोन किल्ले, अनेक गुहा, वाळवंट, दलदल आणि एक आतला समुद्र बसवलेला आहे, आणि तरीही खेळताना ते जग लहान वाटत नाही. असे का होते, याचे उत्तर मोजणी पुरी झाल्यावर कागदावरच दिसते. म्हणून आता कागदाकडे वळू.

कागद आणि खुणा

शाळेच्या दुकानात मिळणारा मिलिमीटरचा आलेख कागद घ्या. एक चौकोन पाच मिलिमीटरचा धरला तर तीस चौकोनांना १५ सेंटिमीटर लागतात आणि ते एका कागदावर आरामात बसतात. १२० चौकोनांसाठी चार गुणिले चार असे सोळा कागद लागतील, आणि जोडल्यावर ६० सेंटिमीटर बाजूचा नकाशा तयार होईल. एका मिलिमीटरला एक चौकोन धरून सगळे एकाच कागदावर आणण्याचा मोह होतो, पण त्यात खुणा करता येत नाहीत आणि खोडल्यावर कागद फाटतो.

कागदांच्या आडव्या रांगांना वरून खाली क, ख, ग, घ अशी नावे द्या आणि उभ्या रांगांना डावीकडून १ ते ४ असे क्रमांक द्या. टँटेगेल किल्ला डावीकडून ४४ व्या स्तंभात आणि वरून ४४ व्या ओळीत येतो, म्हणजे ख-२ या कागदावर डावीकडून चौदावा आणि वरून चौदावा चौकोन. हा चौकोन सर्वांत आधी लाल करा. त्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला प्रत्येकी ४३ चौकोन, तर पूर्वेला आणि दक्षिणेला प्रत्येकी ७६ चौकोन उरतात. सगळी मोजणी याच चौकोनापासून करायची. याला कारणही आहे: खेळ इथूनच सुरू होतो, खेळाची नोंद फक्त इथल्या राजाकडेच होते, नायक मेला तरी इथेच परत येतो, आणि घरी आणणारा मंत्र किंवा पंखही इथेच आणून सोडतात. मोजणीला पक्का दगड लागतो, आणि खेळाने तो आपल्याला आयताच दिलेला आहे.

खुणा साध्या ठेवा. मोकळा माळ कोरा सोडावा, जंगलावर हिरव्या तिरप्या रेघा, टेकडीवर एक लहान टोपी, चढता न येणारा डोंगर पूर्ण तपकिरी, पाणी निळे, वाळवंटावर ठिपके आणि दलदलीवर जांभळी फुली. पूल मात्र लाल रंगाने ठळक काढा, कारण शेवटी नकाशा वाचताना सर्वांत आधी पूलच शोधावे लागतात.

पट्ट्याने चालणे

खेळाचा पडदा एका वेळी १६ चौकोन रुंद आणि १५ चौकोन उंच भाग दाखवतो, आणि नायक जवळपास मध्यावर असतो. म्हणजे एका सरळ ओळीत चालत गेलात तर वरच्या सात आणि खालच्या सात ओळी आपोआप नजरेखालून जातात. पंधरा ओळींचा एक पट्टा धरला तर १२० ओळींचे आठ पट्टे होतात, आणि त्यांच्या मधल्या ओळी म्हणजे ८, २३, ३८, ५३, ६८, ८३, ९८ आणि ११३. किल्ला ४४ व्या ओळीत असल्यामुळे तिसऱ्या पट्ट्याची मधली ओळ किल्ल्याच्या सहा चौकोन उत्तरेला येते. पहिला पट्टा म्हणून तीच घ्या. जुन्या टीव्हीवर पडद्याची वरची-खालची कड कापली जाते, तसे असल्यास सहा-सहा ओळीच नोंदवा आणि राहिलेल्या ओळी पुढच्या फेरीत भरा.

अर्थात डोंगर आणि पाणी तुम्हाला सरळ चालू देणार नाहीत. अडथळा आला की ओळ सोडून बाजूने जा, पण ओळ सोडताना किती चौकोन वर किंवा खाली गेलात ते त्याच क्षणी लिहा. हे लिहायचे राहिले की पुढचा सगळा पट्टा सरकतो.

प्रत्येक चौकोन चालता-चालता रंगवणे जमत नाही. आम्ही आधी वहीत ओळीनुसार टिपण घेत असू: ‘माळ ७, जंगल ३, माळ २, डोंगर ५, पाणी ९’ अशा पद्धतीने, आणि रात्री ते कागदावर उतरवत असू. नंतर कळले की कार्ट्रिजच्या आत हा नकाशा नेमक्या याच पद्धतीने साठवलेला आहे. एका बाइटच्या वरच्या अर्ध्या भागात जमिनीचा प्रकार असतो आणि खालच्या अर्ध्या भागात तो प्रकार सलग किती चौकोन चालतो ते असते; एका बाइटमध्ये जास्तीत जास्त १६ सलग चौकोन मावतात. मूळ जपानी कार्ट्रिजची एकूण क्षमता ६४ किलोबाइट होती. प्रत्येक चौकोनाला एक बाइट दिला असता तर १४,४०० बाइट, म्हणजे त्या क्षमतेचा पाचव्या भागाहून जास्त हिस्सा, नुसत्या नकाशाने खाल्ला असता. टिपणाच्या पद्धतीने मात्र निव्वळ समुद्राची १२० चौकोनांची आख्खी ओळ फक्त आठ बाइटांत बसते. अलेफगार्डमध्ये पाणी, जंगल आणि डोंगर असे लांबच लांब सलग का पसरलेले आहेत, याचे एक कारण इथे दिसते: सलग जमीन स्वस्त पडते आणि ठिपक्या-ठिपक्यांची जमीन महाग पडते.

पावले मोजताना

रावेर-यावल भागात केळीच्या बागेत खोडे मोजणारा माणूस तोंडाने एक-दोन-तीन म्हणत शेवटपर्यंत जात नाही. प्रत्येक दहाव्या खोडापाशी खूण करतो, म्हणजे कोणी हाक मारली तरी दहाच्या आतच चूक राहते. इथेही तेच करा. एका वाटीत तुरीचे दाणे घ्या आणि दर दहा पावलांना एक दाणा दुसऱ्या वाटीत टाका. बटण दाबून धरले तर नायक सलग चालत राहतो आणि मोजणी निसटते, म्हणून एकेकदा दाबून एकेक पाऊल टाका. मध्येच राक्षस आडवा आला की आकडा मोठ्याने म्हणा आणि मग लढा. लढाई संपल्यावर नायक त्याच चौकोनावर उभा असतो, त्यामुळे आकडा लक्षात असेल तर काही बिघडत नाही. टेकड्यांवर आणि जंगलात राक्षसांची गाठ माळापेक्षा जास्त वेळा पडते, म्हणून मोजणीची वाट शक्यतो माळावरून काढा. दलदलीत प्रत्येक पावलाला नायकाच्या जीवाचे दोन गुण कमी होतात. तिथे कडेने जाऊन नजरेनेच चौकोन मोजलेले बरे.

आमची सर्वांत मोठी चूक इथेच झाली. ईशान्येच्या कोल गावापर्यंत पोहोचल्यावर क-३ आणि क-४ हे कागद शेजारी ठेवले, तर पाण्याचा काठ एका चौकोनाने चुकत होता; डावीकडचे निळे उजवीकडच्या निळ्याला भिडत नव्हते. तासभर शोधल्यावर भाचा म्हणाला, “मामा, एक पाऊल जास्ती मोजाई गयं.” खरेच, अडथळ्याला वळसा घालून पुन्हा निघताना मी उभा असलेला चौकोन ‘एक’ धरला होता. उभा आहात तो चौकोन शून्य, आणि पहिले पाऊल पडल्यावर एक. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गावे आणि त्यांची अंतरे

तुमची मोजणी ताडून पाहण्यासाठी मुख्य ठिकाणांची किल्ल्यापासूनची अंतरे देतो. मात्र आधी स्वतः मोजा आणि मग इथे पाहा, नाहीतर डोळा आपोआप उत्तराकडे ओढला जातो.

पहिले गाव ब्रेकोनरी किल्ल्याच्या पाच पूर्वेला आणि दोन उत्तरेला आहे. वायव्येच्या कोपऱ्यातले गॅरिनहॅम ४१ पश्चिमेला आणि ४१ उत्तरेला आहे. ते नकाशाच्या टोकापासून जेमतेम दोन चौकोन आत आहे, त्यामुळे क-१ हा कागद भरताना कोपरा जपून मोजा. कोल ६१ पूर्वेला आणि ३३ उत्तरेला, रिमुल्डार ५९ पूर्वेला आणि २९ दक्षिणेला, तटबंदीचे कँटलिन ३० पूर्वेला आणि ५९ दक्षिणेला, आणि उद्ध्वस्त झालेले हॉक्सनेस १८ पश्चिमेला आणि ४६ दक्षिणेला आहे. एर्ड्रिक या जुन्या काळच्या वीराची गुहा १५ पश्चिमेला आणि ३१ उत्तरेला सापडते. डोंगरातली गुहा १४ पश्चिमेला आणि १४ दक्षिणेला आहे. ती ख-१ कागदाच्या अगदी शेवटच्या स्तंभात येते, म्हणून ख-१ आणि ख-२ यांचा सांधा तपासायला तिच्याइतकी चांगली खूण दुसरी नाही.

आता या आकड्यांकडे थोडा वेळ शांतपणे पाहा. तिरके चालता येत नसल्याने पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण आकड्यांची बेरीज म्हणजे कमीत कमी लागणारी पावले. गॅरिनहॅमला ८२, कोलला ९४, रिमुल्डारला ८८ आणि कँटलिनला ८९. चार दिशांची चार दूरची गावे किल्ल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत! हे लक्षात आले त्या रात्री मी बेरजा तीन वेळा केल्या. गॅरिनहॅम आणि कोल ही सुरुवातीला गाठायची गावे, रिमुल्डार मधल्या टप्प्यावरचे आणि कँटलिन अगदी शेवटाकडचे, तरीही हवेतले अंतर ८० ते ९५ च्या मध्येच. म्हणजे या जगात एखादे गाव ‘दूर’ ठरते ते चौकोनांच्या संख्येमुळे नाही. वाटेत काय आहे आणि ते ओलांडायला हातात काय लागते, त्यावर ते ठरते. कँटलिनच्या वेशीवर गोलेम नावाचा दगडी राक्षस उभा असतो, त्याला झोपवणारी बासरी कोलमध्ये पुरलेली असते, आणि कोल तर नकाशाच्या विरुद्ध कोपऱ्यात आहे.

राक्षसांचे गट: कागदावरची दुसरी जाळी

जमीन पुरी झाल्यावर प्रत्येक कागदाच्या बरोबर मध्यातून एक उभी आणि एक आडवी रेघ फिकट पेन्सिलीने काढा. तीस चौकोनांच्या कागदाचे पंधरा-पंधरा चौकोनांचे चार भाग होतील, आणि सोळा कागदांचे मिळून चौसष्ट. खेळाच्या आतही राक्षसांची वाटणी याच आठ गुणिले आठच्या जाळीने केलेली आहे: कोणत्या भागात कोणता गट भेटेल, ते त्या पंधरा चौकोनांच्या भागावरून ठरते. पूल ओलांडला की राक्षस अवघड होतात, असा खेळाडूंचा अनुभव आहे आणि तो बहुतांशी खरा ठरतो, कारण पूल तुम्हाला नव्या भागात नेतो. पण रेघ पाण्याच्या काठाला धरून जात नाही, त्यामुळे कधी कधी एकाच माळावर चार पावले पुढे टाकली की अचानक वेगळे राक्षस भेटतात. प्रत्येक भागाच्या कोपऱ्यात भेटलेल्या राक्षसांची नावे बारीक अक्षरांत लिहीत जा. किल्ल्याभोवतीच्या भागांत स्लाइमच स्लाइम दिसतील, आणि कडेकडे जाल तशी नावे बदलत जातील.

गुहा आणि गावांचे आतले नकाशे

आतले नकाशे नेहमी वेगळ्या कागदावर काढा, कारण तिथले माप निराळे असते. बाहेरच्या नकाशावर टँटेगेल एका चौकोनात मावतो, पण आत शिरल्यावर त्याचा मुख्य मजला ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० चौकोनांचा भरतो. ब्रेकोनरी आणि रिमुल्डारही आतून तेवढेच आहेत, त्यामुळे त्यांतले प्रत्येक आपल्या एका कागदावर नेमके बसते.

गुहांत अंधार असतो. मशाल पेटवल्यावर नायकाभोवतीचा फक्त एकेक चौकोन दिसतो. उजेडाचा मंत्र सुरुवातीला बराच जास्त उजेड देतो, पण पावलांबरोबर तो आकसत जातो. सरावासाठी एर्ड्रिकची गुहा घ्या. तिचे दोन्ही मजले १० गुणिले १० चे लहान आहेत आणि तिथे राक्षस मुळीच नाहीत, त्यामुळे मोजणीवर लक्ष ठेवता येते. उजवा हात भिंतीला लावल्यासारखे चालत राहा, प्रत्येक वळणावर आकडा लिहा, आणि जिन्याला कोणत्या मजल्यावरून कुठे नेतो त्याचे अक्षर द्या.

दलदलीतली गुहा मात्र सगळ्या मांडणीची किल्ली आहे. तिचे उत्तरेचे तोंड किल्ल्यापासून ६१ पूर्वेला आणि एक दक्षिणेला आहे, तर दक्षिणेचे तोंड ६१ पूर्वेला आणि सहा दक्षिणेला. बाहेरून पाहिले तर दोन तोंडांमध्ये पाचच चौकोनांचे अंतर आहे. आतून मात्र उत्तर-दक्षिण सुमारे तीस चौकोन चालावे लागते. वरून पाणी, खालून बोगदा. रिमुल्डारच्या भूमीवर पायी जाण्याचा दुसरा मार्ग नाही. याच गुहेत कुलूपबंद दारामागे हिरवा ड्रॅगन राजकन्या ग्वेलिनची राखण करतो, आणि ते दार उघडणारी किल्ली मिळते रिमुल्डारला, म्हणजे गुहा पार केल्यावर. एकाच वाटेने दोनदा जावे लागते आणि दुसऱ्या खेपेला तीच वाट वेगळी होते; कमी जागेत मोठे जग उभे करण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

दीडशे पावलांची वाट

आता सुरुवातीच्या त्या दहा पावलांकडे परत येऊ. किल्ल्यापासून दलदलीच्या गुहेपर्यंत कमीत कमी ६२ पावले. गुहेत सुमारे तीस. बाहेर आल्यावर पश्चिमेकडे ३९ पावले चालून पाण्याच्या काठावर, किल्ल्यापासून २२ पूर्वेला आणि सहा दक्षिणेला असलेल्या टोकावर पोहोचायचे. तिथे ‘इंद्रधनुष्याचा थेंब’ ही जादूची वस्तू वापरली की पूल तयार होतो, आणि तिथून चारलॉक १७ पश्चिमेला आणि एक उत्तरेला. बेरीज दीडशेच्या घरात जाते, आणि हे सगळे अंतर मध्ये डोंगर किंवा पाणी आडवे नाही असे धरून काढलेले आहे. खऱ्या वाटेचा आकडा तुमच्या कागदावर याहून बराच जास्त भरेल. शिवाय तो थेंब मिळवण्यासाठी सूर्याचे खडे टँटेगेलच्याच तळघरातून, पावसाची काठी किल्ल्याच्या ३८ पूर्वेला आणि ४२ उत्तरेला असलेल्या देवळातून, आणि एर्ड्रिकची मुद्रा दक्षिणेच्या दलदलीतून आणावी लागते, आणि हे सगळे ६५ पूर्वेला, ६६ दक्षिणेला असलेल्या शेवटच्या देवळात न्यावे लागते. काठी मिळवायला आधी चंदेरी वीणा लागते, आणि ती गॅरिनहॅममधल्या थडग्यात असते.

ही ठिकाणे सोळा कागदांवर एका रेघेने जोडून पाहा. रेघ क-१, क-३, ख-४, ग-४, घ-३, घ-४ अशी कडेकडेने जाते आणि शेवटी ख-२ वर, जिथून निघालो त्याच कागदावर, परत येते. चारलॉक आणि टँटेगेल एकाच कागदावर आहेत. होरी यांनी शत्रूचा किल्ला नकाशाच्या टोकाला न ठेवता जवळजवळ मध्ये, आतल्या पाण्यात ठेवला आणि बाकी सगळे त्याच्याभोवती रचले. प्रत्येक वेळी घरातून बाहेर पडताना तो समोर दिसतो, आणि म्हणूनच ३६० एकरांचे हे जग इतके मोठे भासते.

शेवटची तपासणी

राजकन्येला सोडवून घरी आणल्यावर ती ‘ग्वेलिनचे प्रेम’ नावाची वस्तू देते. बाहेरच्या नकाशावर ती वापरली की तुम्ही किल्ल्यापासून किती चौकोन उत्तर-दक्षिण आणि किती पूर्व-पश्चिम आहात, ते ती सांगते. हे खेळाने दिलेले मोजणीचे साधनच आहे, पण ते अर्ध्या वाटेवर मिळते, म्हणून तोपर्यंतची सगळी मोजणी पावलांनीच करावी लागते. वस्तू हाती आल्यावर प्रत्येक गावाच्या आणि गुहेच्या चौकोनाशेजारी उभे राहून ती वापरा आणि कागदावरचे स्थान ताडा. एका चौकोनाचा फरक सलग सगळ्या ठिकाणी येत असेल तर चूक पहिल्या सांध्यात आहे. एकाच कागदावर येत असेल तर तेवढाच कागद पुन्हा काढा.

सर्वांत कडक परीक्षा एर्ड्रिकच्या मुद्रेची. टँटेगेलपासून ७० दक्षिणेला आणि ४० पूर्वेला, एवढाच तिचा ठावठिकाणा खेळात सांगितलेला आहे, आणि तिथे जमिनीवर कोणतीही खूण नाही, फक्त दलदल आहे. कागदावर हा चौकोन डावीकडून ८४ व्या स्तंभात आणि वरून ११४ व्या ओळीत येतो, म्हणजे घ-३ वर डावीकडून चोविसावा आणि वरूनही चोविसावा. तिथे जाताना ग्वेलिनची वस्तू वापरू नका. कँटलिनपासून निघा, कागदावरून मोजा: दहा पूर्वेला, अकरा दक्षिणेला. आडवा आलेला डोंगर चुकवताना सोडलेली प्रत्येक ओळ लिहा, दाणे वाटीत टाका आणि त्या चौकोनावर थांबून शोधण्याची आज्ञा द्या. आम्ही दिली तेव्हा पहिल्याच प्रयत्नात मुद्रा निघाली. तुमची निघाली नाही तर आजूबाजूचे चौकोन चाचपत बसू नका; कँटलिनच्या वेशीवर परत जा आणि घ-३ ची टिपणे पहिल्या ओळीपासून पुन्हा मोजा.